शाळांसाठी आठ हजार वह्या छापून घ्यायच्या आहेत: मागणी नेमकी कधी नोंदवावी?

प्रश्न: माध्यमिक शिक्षक, आर्णी तालुका, जिल्हा यवतमाळ

नमस्कार. आमच्या गावातील माजी विद्यार्थ्यांचे मंडळ दरवर्षी परिसरातील अकरा शाळांच्या मुलांना वह्या देते. त्या छापून घेण्याची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे. येत्या सत्रासाठी सुमारे आठ हजार वह्या लागतील. त्यांपैकी पाच हजार 200 पृष्ठांच्या आणि तीन हजार 100 पृष्ठांच्या असाव्यात, असे ठरत आहे. मुखपृष्ठावर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि संत गाडगेबाबा यांची चित्रे, मागील बाजूस संविधानाची उद्देशिका आणि कव्हरच्या आतल्या बाजूस देणगीदारांची नावे असावीत, अशी मंडळाची इच्छा आहे.

माझी अडचण वेळेची आहे. यवतमाळच्या एका छापखान्याने वीस दिवसांत काम होईल असे सांगितले, तर नागपूरच्या एका छापखान्याने अडीच महिने मागितले. एवढे अंतर का पडते, हे मला समजलेले नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात आणि तो दिवसही दरवर्षी सारखा नसतो; 2024 मध्ये आपल्याकडच्या शाळा 1 जुलैला सुरू झाल्या, तर 2025 मध्ये 23 जूनला. त्यामुळे वाटपाचा दिवस कोणता धरावा, इथूनच प्रश्न सुरू होतो.

पूर्वी एका वर्षी या वह्या ऑगस्टमध्ये हाती आल्या. तोवर बहुतेक पालकांनी दुकानातून उधारीवर वह्या आणल्या होत्या. कापसाचा पैसा उन्हाळ्याआधीच संपलेला असतो आणि जूनमध्ये बियाणे व खते यांचा खर्च डोक्यावर असतो, तेव्हा शाळेच्या पहिल्या दिवशी मिळालेली वही आणि ऑगस्टमध्ये मिळालेली वही यांत त्या घरासाठी फार मोठा फरक असतो. म्हणून मागणी केव्हा नोंदवावी, आधी काय निश्चित करावे आणि हाताशी किती दिवस मोकळे ठेवावेत, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: छापखानाचालक, यवतमाळ

सर, दोन्ही छापखाने आपापल्या परीने खरेच सांगत आहेत, फक्त दिवस मोजण्याची सुरुवात दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी केली आहे. वीस दिवस सांगणाऱ्याने कागद गोदामात आला आहे, कव्हरचे प्रूफ (छपाईपूर्वी तपासायचा नमुना) मंजूर झाले आहे आणि आगाऊ रक्कम जमा झाली आहे, असे गृहीत धरले असणार. अडीच महिने सांगणाऱ्याने तुमच्या पहिल्या फोनपासून मोजले असणार. म्हणून कोणत्याही छापखान्याला नुसते किती दिवस लागतील असे न विचारता, कोणती गोष्ट हाती आल्यापासून किती दिवस लागतील, असे विचारावे आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्यावे.

आता उलटे मोजू या. शाळा 23 जूनला उघडो वा 1 जुलैला, वह्यांचे गठ्ठे 10 जूनपर्यंत तुमच्या ताब्यात आलेच पाहिजेत, असे धरून चला. कारण त्यानंतर आपल्याकडे पाऊस केव्हाही सुरू होतो. त्याआधीचा टप्पा बाइंडिंगचा. मोठ्या कारखान्यात रुलिंग (पानांवर रेघा आखणे), घडी, पिनिंग आणि कटिंग एकाच सलग यंत्रावर होते आणि तेथे आठ हजार वह्या किरकोळ ठरतात. परंतु तालुका किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी घडी आणि पिनिंगचे बरेचसे काम हाताने होते. आमच्यासारख्या छापखान्यात चांगल्या दिवशी सातशे ते हजार वह्या तयार होतात. हिशेबाने तुमच्या कामाला आठ ते बारा दिवस पुरावेत. पण एप्रिल-मे ही लग्नसराई असते, यंत्रावर पत्रिका चढलेल्या असतात, बाइंडिंगची माणसे नातेवाइकांच्या लग्नांना जातात आणि दुपारी बारा ते चार पत्र्याच्या शेडखाली काम करणे माणसांना सोसत नाही. म्हणून मी बाइंडिंगला अठरा दिवस धरीन.

कव्हरचे स्वतंत्र गणित आहे. प्लेट आणि छपाई यांना दोन दिवस पुरतात. मात्र शाई पूर्ण वाळल्याशिवाय लॅमिनेशन (वर पातळ प्लॅस्टिक फिल्म चिकटवणे) करू नये. घाई केल्यास फिल्मखाली बुडबुडे धरतात आणि महिनाभरात कडा सुटू लागतात. त्यामुळे किमान एक दिवस वाळवण, मग लॅमिनेशन, मग घडीची रेघ पाडणे, असा आठवडा कव्हरला द्यावा. आतल्या पानांच्या रुलिंगला आणखी एक आठवडा लागतो, कारण एकरेघी, दुरेघी, चाररेघी आणि चौकटी असे जितके प्रकार तुम्ही मागाल तितक्या वेळा यंत्र थांबवून नव्याने जुळवावे लागते.

कागदाचा टप्पा सर्वांत बेभरवशाचा असतो. बल्लारपूरला कागदाचा कारखाना असला तरी आमच्यासारख्या छोट्या छापखान्याला कागद घाऊक विक्रेत्याकडूनच घ्यावा लागतो, आणि फेब्रुवारी ते मे या काळात वह्या बनवणाऱ्या सर्वांनाच तोच मॅपलिथो (लिहिण्या-छापण्याचा पांढरा) कागद हवा असतो. 17 बाय 27 सेंटिमीटरची वही आणि 58 जीएसएमचा (चौरस मीटरला 58 ग्रॅम वजनाचा) कागद धरला तर एका पानाचे वजन साधारण 2.66 ग्रॅम होते. 200 पृष्ठांच्या वहीत 100 पाने, म्हणजे 266 ग्रॅम कागद, आणि 100 पृष्ठांच्या वहीत 133 ग्रॅम. तुमच्या आठ हजार वह्यांना 1,729 किलो कागद लागेल. कटिंग आणि खराबी मिळून वर पाच-सात टक्के धरा, म्हणजे साधारण साडेअठराशे किलो झाले. हव्या त्या मापाचा आणि एकाच बनावटीचा एवढा कागद मागितल्याबरोबर मिळेल, असे मानू नका. त्याला तीन आठवडे द्या. दोन वेगवेगळ्या गिरण्यांचा कागद एका कामात आला, तर काही वह्या पांढऱ्या आणि काही पिवळसर दिसतात आणि मुले ते लगेच ओळखतात.

ही बेरीज केली तर प्रूफ मंजूर झाल्यानंतर, कव्हर आणि रुलिंग ही कामे शेजारीशेजारी चालली तरी, कागदासह साधारण सात आठवडे होतात. प्रूफला दोन आठवडे द्यावेत आणि अखेरीस दोन-तीन आठवडे मोकळे ठेवावेत. म्हणजे 10 जूनच्या मागे अकरा-बारा आठवडे, मार्चचा तिसरा आठवडा. मात्र मी तुम्हाला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सुचवीन. मार्चअखेर सर्व संस्था वर्षाचे पैसे खर्ची टाकण्यासाठी रजिस्टरे आणि अहवाल छापायला आणतात. त्यातच एखादी निवडणूक आली तर छापखान्यात पाय ठेवायला जागा राहत नाही; 2024 च्या लोकसभा निवडणुकीत विदर्भातील मतदान 19 आणि 26 एप्रिलला होते, म्हणजे नेमके वह्यांच्या दिवसांत.

वहीच्या बांधणीचाही विचार आताच करावा. 200 पृष्ठांची वही मधोमध पिन मारून केली तर 50 दुहेरी ताव एकात एक बसतात, घडी फुगते आणि आतली पाने पुढे सरकतात. कटिंगनंतर मधल्या पानांचा समास बाहेरच्या पानांपेक्षा कमी राहतो. शिवण घेतली तर वही वर्षभर टिकते, पण वेळ वाढतो. माझ्या मते आठवी ते दहावीच्या मुलांना वर्षभर दप्तरात कोंबून न्यायची वही शिवलेलीच असावी. त्यासाठी चार-पाच दिवस जास्त लागले तरी चालतील.

उत्तर: निवृत्त मुख्याध्यापक, आश्रमशाळा, अहेरी तालुका, जिल्हा गडचिरोली

वरील उत्तरात छपाईचे गणित चोख मांडले आहे. मी वह्या छापखान्यातून निघाल्यानंतरच्या प्रवासाबद्दल लिहितो, कारण उशीर बहुधा तेथेच होतो आणि त्याची आखणी कोणीच करीत नाही.

आमच्या भागात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आता राज्यभर ठाऊक आहे. म्हणून तिकडच्या शाळांचा कोणताही माल आम्ही पावसाच्या आत पोहोचवण्याचा नियमच ठेवला होता. आर्णीकडे तशी स्थिती नसली तरी पहिल्या पावसानंतर काळ्या मातीतील पांदणरस्त्याने मालवाहू गाडी जात नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. अकरा शाळांपैकी किती शाळा डांबरी रस्त्यावर आहेत आणि किती आत आहेत, याची यादी आजच करावी आणि आतल्या शाळांचे गठ्ठे सर्वांत आधी रवाना करावेत.

वजनाचाही अंदाज घ्यावा. वरच्या हिशेबात कव्हरचे वजन मिळवले तर 200 पृष्ठांची वही सुमारे 285 ग्रॅमची आणि 100 पृष्ठांची सुमारे 155 ग्रॅमची होईल. एकूण माल जवळजवळ 1,900 किलो भरतो. छोटा हत्ती साधारण पाऊण टन वाहतो, म्हणजे त्याच्या तीन खेपा होतील. पिकअप घेतल्यास दोन. गाडीभाड्याचे पैसे मंडळाच्या अंदाजपत्रकात आधीच धरावेत.

आणखी एक बाब अनुभवाने सांगतो. मे महिन्यात शाळा बंद असतात, मुख्याध्यापक गावी गेलेले असतात आणि किल्ली कोणाकडे आहे हे गाडी दारात उभी राहिल्यावर शोधले जाते. त्यामुळे माल मेमध्ये तयार होणार असेल, तर तो केंद्रशाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या कोरड्या खोलीत उतरवावा आणि उतरवून घेणाऱ्या दोन व्यक्तींची नावे एप्रिलमध्ये, परीक्षा चालू असतानाच, लिहून ठेवावीत. गठ्ठे जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नयेत, बाकांवर ठेवावेत. ओल आणि वाळवी या दोन्हींना कागद पहिल्या आठवड्यातच सापडतो. छापखान्याला प्रत्येक शाळेचे गठ्ठे इयत्तेनुसार वेगळे बांधून त्यावर शाळेचे नाव लिहायला सांगावे. हे काम छापखान्यात एका दिवसात होते. तेच शाळेच्या पटांगणात, पावसाच्या सरी चालू असताना, फार जड जाते.

प्रश्नकर्त्याची विचारणा

दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. पहिली अशी की देणगीदारांची नावे एप्रिलअखेरपर्यंत येत राहतात. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेले माजी विद्यार्थी गावातल्या लग्नाला आले की देणगी देतात, त्यांना नाही कसे म्हणावे? मग मार्चमध्ये कव्हर मंजूर कसे करणार? दुसरी शंका पटसंख्येची. प्रवेश जुलैपर्यंत चालतात, तर फेब्रुवारीत वह्यांचा आकडा कोणत्या आधारावर द्यावा?

उत्तर: छापखानाचालक, यवतमाळ

सर, तुमच्या पहिल्या शंकेतच खरा पेच आहे. काम लांबण्याचे सर्वांत मोठे कारण मी छापखान्यात बसून पाहतो ते हेच असते: यंत्र मोकळे असते, कागद आलेला असतो आणि कव्हरवरची नावे ठरलेली नसतात.

त्यावर उपाय असा की आतली पाने आणि कव्हर यांची मागणी एकच न मानता वेगळी करावी. आतल्या पानांना देणगीदारांच्या नावांशी काही देणेघेणे नाही. माप, जीएसएम, पृष्ठसंख्या आणि रुलिंगचे प्रकार फेब्रुवारीत लेखी कळवावेत आणि कागदापुरती आगाऊ रक्कम द्यावी. छापखाना कागद आणून रुलिंग करून ठेवील. पृष्ठसंख्या चारच्या पटीत असावी आणि तिच्यात कव्हरची चार पृष्ठे धरली आहेत का, हे आधी विचारून घ्यावे.

कव्हरच्या बाबतीत नावे आतल्या बाजूस छापण्याचा मंडळाचा विचार सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सुचवितो. आतली बाजू छापायची म्हणजे तोच ताव दुसऱ्यांदा यंत्रावर चढवायचा आणि एका नावासाठी आठ हजार कव्हरे अडवून ठेवायची. त्याऐवजी नावांचे एक साधे एकरंगी पान स्वतंत्र छापून वहीच्या सुरुवातीला घालता येते. ते पान मेच्या पहिल्या आठवड्यात दिले तरी चालते, कारण ते बाइंडिंगच्या वेळीच लागते. देणगीदाराचा मान राहतो आणि कव्हर मार्चमध्येच छापून, वाळून, लॅमिनेशन होऊन तयार असते. पुस्तिका बांधताना आम्ही हे नेहमी करतो आणि वह्यांनाही ते तितकेच लागू पडते.

प्रूफविषयी थोडे सविस्तर लिहितो. मराठी मजकूर एका संगणकावर श्रीलिपीत किंवा दुसऱ्या एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो आणि दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरे फुटतात. उद्देशिकेसारख्या मजकुरात असे एक अक्षर जरी फुटले तरी ते आठही हजार वह्यांवर जाते. म्हणून डिझाइन करणाऱ्याकडून अक्षरांचे कर्व्ह केलेली (म्हणजे अक्षरे फॉन्टवर अवलंबून न राहता चित्रासारखी पक्की केलेली) पीडीएफ घ्यावी, कडेला चारही बाजूंनी 3 मिलिमीटर जादा जागा ठेवावी आणि चित्रे 300 डीपीआयची (इंचाला 300 ठिपके) असावीत. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकसते आणि छपाईत धूसर येते. पाठवायचेच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. रंग मोबाइलच्या पडद्यावर पाहून मंजूर करू नयेत. एक कागदी प्रूफ काढून घ्यावे आणि ते मंडळातील दोनच व्यक्तींनी वाचून, तारीख घालून, सही करावी. वीस जणांच्या गटावर प्रूफ टाकले की वीस दुरुस्त्या येतात आणि त्यातल्या काही एकमेकींच्या विरुद्ध असतात. राजमुद्रा (अशोकस्तंभाच्या सिंहांचे राष्ट्रीय चिन्ह) कव्हरवर घालण्याचा मोह कोणाला झाला तर त्यांना थांबवावे. तिच्या वापरावर 2005 च्या कायद्याने निर्बंध आहेत.

उत्तर: शिक्षण संस्थेचे लेखापाल, वर्धा जिल्हा

पटसंख्येच्या शंकेचे उत्तर मी देतो. संचमान्यतेसाठी (शाळेतील शिक्षकांची पदे ठरवण्यासाठी) 30 सप्टेंबरची पटसंख्या शाळांकडे तयार असते. तीच घ्यावी, प्रत्येक इयत्ता एक पायरी वर सरकवावी, पहिलीसाठी आणि शाळेच्या सर्वांत खालच्या वर्गासाठी अंगणवाडीचा किंवा जवळच्या प्राथमिक शाळेचा आकडा घ्यावा आणि एकूणावर पाच टक्के वाढवावेत. स्थलांतरित कुटुंबांची मुले ज्या शाळांत येतात तेथे थोडे अधिक धरावेत. एवढा आधार फेब्रुवारीत पुरेसा आहे.

करासंबंधी एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्यांवरील वस्तू व सेवा कर शून्य झाला आहे. त्याआधी तो 12 टक्के होता. कोणी जुन्या नमुन्यावर कोटेशन देऊन कर लावला असेल तर विचारणा करावी. मात्र किंमत 12 टक्क्यांनी उतरेल, अशी अपेक्षा धरू नये. तयार वही करमुक्त झाल्यामुळे छापखान्याला कव्हरचे कार्ड, शाई आणि लॅमिनेशन यांवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि तो खर्च दरात येतो. रजिस्टर आणि डायरी या सवलतीत नाहीत, त्यामुळे शिक्षकांसाठी त्याच मागणीत डायऱ्या घालायच्या असल्यास त्यांचे बिल वेगळे येईल.

पैशांचे टप्पे वेळेशी बांधावेत, एवढी माझी विनंती आहे. कागद आल्यावर त्याची रक्कम, बांधलेल्या वहीचा नमुना मंजूर झाल्यावर दुसरा हप्ता आणि उरलेली रक्कम मोजून माल मिळाल्यावर, असे लेखी ठरवावे. कोटेशनचा दर बहुधा थोड्याच दिवसांपुरता असतो, कारण कागदाचा भाव हलतो. मंडळाची बैठक महिन्यातून एकदा होत असेल तर दर घेऊन पुढच्या बैठकीची वाट पाहण्यातच तो दर संपतो. म्हणून जानेवारीच्या बैठकीतच अध्यक्ष आणि सचिव यांना ठराविक रकमेपर्यंत मंजुरीचा अधिकार देणारा ठराव करून घ्यावा.

उत्तर: स्टेशनरी विक्रेता, वाशीम जिल्हा

काही जण तमिळनाडूतील शिवकाशीहून वह्या मागवण्याचा सल्ला देतील. तेथे मोठ्या मागणीला दर निश्चितच कमी पडतो, परंतु आठ हजारांसाठी फरक फारसा राहत नाही आणि अर्ध्या गाडीचा माल गोदामागून गोदाम फिरत येत असल्याने वाटेतला एक ते दीड आठवडा जास्त धरावा लागतो. प्रूफ हातात घेऊन समोर बसून तपासणेही होत नाही. आणखी एक मार्ग आहे. नागपूरकडच्या काही कारखान्यांत आतला भाग तयार असतो आणि ते फक्त तुमचे कव्हर चढवून देतात. मार्च उलटून गेला आणि काहीच ठरले नाही, तर हा मार्ग घ्यावा. कागदाचा आणि रुलिंगचा वेळ वाचतो, पण जीएसएम आणि पृष्ठसंख्या त्यांच्याकडे असेल तीच घ्यावी लागते.

सरांनी छापखान्यात आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी. वह्या आठ हजार असल्या तरी कव्हरे साडेआठ हजार छापून घ्यावीत आणि जादाची पाचशे न घडवता सपाट ठेवावीत. यंत्र चालू असताना जादा कव्हरांना अगदी थोडा खर्च येतो. जुलैमध्ये उशिरा प्रवेश झाले तर त्याच कव्हरांवर वह्या चार-पाच दिवसांत बांधून मिळतात आणि नव्याने आलेल्या मुलाला इतरांसारखीच वही देता येते.